दुसऱ्यानं भरलेल्या खुंट्या

दुसऱ्यांच्या चुका शोधायचं काम असलं की किस्से आपोआप साठत जातात. त्यातले निम्मे आपल्याच चुकांचे निघतात, ही गोष्ट वेगळी.

पन्नासच्या दशकात मी नाचणगावच्या एका हातमाग केंद्रात लागलो. तिथल्या मागांवर डॉबी होती, म्हणजे लाकडी पट्ट्यांची माळ. पट्टीच्या भोकात खुंटी असली की धागे वर उचलले जायचे, भोक रिकामं असलं की खालीच राहायचे. लुगड्याच्या काठाची सगळी नक्षी त्या खुंट्यांत. माळ दुसऱ्या कोणी भरायची, नक्षी बिघडली की चूक मी शोधायची.

पहिल्याच आठवड्यात काठावरचं एक फूल लंगडं निघालं. मी ऐटीत सगळ्या खुंट्या उपसून माळ नव्यानं भरली. तीन दिवस गेले आणि दोन फुलं लंगडी झाली!

आमचे मास्तर महादेवकाका म्हणाले, "उपटाले कोणीबी उपटते. आधी वाचाले शीक."

शिकलो. पुढच्या एका माळेत दर आठ पट्ट्यांनंतर एक पट्टी कोरी दिसली. साफ चूक! मी तिच्यात खुंट्या भरल्या. काठाचे रंग एकमेकांत घुसले.

"कोरी काऊन ठेवली, विचारलं का?" काका म्हणाले.

"भरणारा तर नागपूरले गेला."

"मंग विणणारीले विचार."

सखूबाई मागावरच बसल्या होत्या. म्हणाल्या, "भाऊ, तिथं धागे उचलत नाई, म्हणून मले समजते का आता दुसऱ्या रंगाच्या धाग्याचा धोटा घ्याचा. मी काय मोजत बसू?"

त्यानंतर मात्र माझा हात बसला. कापड पाहून चुकीची पट्टी सांगू लागलो.

आंजी गावच्या एका गुरुजींच्या बहिणीचं लग्न चार दिवसांवर आलं आणि तिच्या लुगड्याचा काठ वाकडा जाऊ लागला. एक खुंटी शेजारच्या भोकात बसली होती. ती मी गुपचूप सरकवणार, तेवढ्यात काका मागे येऊन उभे राहिले.

"सापडली?"

"हो."

"माळ कोणी भरली?"

"तुम्ही."

मी खुंटी जागेवर बसवली. सखूबाईंनी चुकलेला काठ उसवला आणि लुगडं वेळेत पुरं केलं. संध्याकाळी काकांनी मला बाजूला बोलावलं.

"मले भोकं दिसत नाई आता. दोन वर्षं झाले, बोटानंच भरून राह्यलो. उद्यापासून तू वाचून दाखवत जाजो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी रात्री भरलेली माळ घेऊन मी मोठ्यानं वाचू लागलो. "खुंटी, खुंटी, भोक, खुंटी..."

पाचव्या पट्टीला काका डोळे मिटूनच म्हणाले, "थांब. एक भोक तू गाळलं."