अभिजितच्या पट्टीचं लाल टोक

वाघोलीत राहायला आलो तेव्हा आमच्या गच्चीवरून तेजोमेघांचे फोटो बरे निघायचे. मग चारी बाजूंनी इमारती उठल्या, दिवे वाढले आणि फोटो राखाडी येऊ लागले. दुर्बीण माझी आणि वरच्या मजल्यावरच्या मित्राची सामायिक. तो मार्केट यार्डात फळांचा अडत्या. फोटो काढायचं काम तो अगदी चोख करायचा, पण रंगांची वेळ आली की लॅपटॉप माझ्याकडे सरकवायचा. "तुझा हात बरा आहे," म्हणायचा. मला ते कौतुक वाटायचं.

दिव्यांना कंटाळून मी एक ग्रेटिंग मागवली. दिसायला फिल्टरसारखी काचेची चकती. कॅमेऱ्यापुढे बसवली की ताऱ्याशेजारी त्याच्याच प्रकाशाची रंगीत पट्टी उमटते. शहराच्या उजेडात तेजोमेघ बुडतात, ठळक ताऱ्याची पट्टी तगते.

हिवाळ्यात एकदा अंधार पडल्या पडल्या आम्ही दोघांनी पश्चिमेकडे उतरलेला अभिजित तारा गाठला. पट्टी पुसट येत होती. फोकस ताऱ्यावर नाही, पट्टीवर करायचा असतो, हे कळेपर्यंत चहा निवला. शेवटी निळ्या भागात बारीक काळ्या रेघा दिसल्या. हायड्रोजनच्या.

"लाल टोकालाही एक आहे बघ," मी म्हणालो.

"कुठे? पट्टी तर इथेच संपते." त्याने पिवळ्याच्या जरा पुढे बोट ठेवलं.

मला वाटलं, चेष्टा करतोय. बोटापुढे चांगली लांब पट्टी उरली होती.

"अरे, मला लाल नीट दिसत नाही. लहानपणापासून."

"आणि धंदा फळांचा?"

"डाळिंब काय नुसतं रंगावर घेतात? वाजवून बघायचं, हातात तोलायचं. रंग बघायला गिऱ्हाईक असतंच की."

"इतक्या वर्षांत बोलला नाहीस ते!"

"तू विचारलं नाहीस. आणि फोटो छान आहे म्हणायला काय लागतं?"

मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाची लाली नीट यावी म्हणून मी आठवडा घालवला होता आणि पहिल्यांदा त्यालाच दाखवली होती.

मग मी पट्टीचा आलेख करणारा प्रोग्रॅम उघडला. रंग गेले, एक वरखाली जाणारी रेष उरली. जिथे काळी रेघ, तिथे रेषेला खड्डा. लाल टोकाचा खड्डा त्याने स्वतः शोधला. तो मोठा करून बघितला, पुन्हा लहान केला.

"हे काम माझ्याकडे," म्हणाला.

तेव्हापासून पट्ट्या तो घेतो, कृष्णधवल कॅमेऱ्याने. सुट्टीत शहराबाहेर गेलो की तेजोमेघ मी करतो. मध्यंतरी त्याचा फोन आला.

"शर्मिष्ठेतला मधला तारा घेतला. लाल टोकाला खड्डा नाही, उंचवटा आलाय. माझं काही चुकलं का?"

चुकलं नव्हतं. त्या ताऱ्याभोवती तापलेल्या हायड्रोजनची चकती आहे, ती स्वतःच प्रकाशते, असं मी वाचलं होतं. तसं सांगितलं.

"म्हणजे तिथे लाल चमकतंय?"

"चांगलंच."

"बरं," तो म्हणाला. "अजून एकदा घेऊन खात्री करतो."