सतरा दिवसांचा देश

नेटी हीबर्टचे हात तिच्या देहाला शोभत नसत. बाई धिप्पाड, हात मात्र शाळकरी मुलीचे. मॅनिटोबाच्या सपाट मुलखात, ब्लूमेनफेल्ट गावात, कुणाची डुकरीण विताना अडली की नेटीला हाक यायची. कोपरापर्यंत साबण लावून, डोळे मिटून ती आत चाचपडायची. पाय कुठला, जबडा कुठला, हे बोटांनाच कळायचं. एकतीस वर्षं ती हेच करत आली होती.

तिची स्वतःची पिल्लं सतराव्या दिवशी दूध तोडून देशाच्या सीमेपलीकडे, मिनेसोटात, चुलतभाऊ ऑर्लिन फास्टकडे जात. तो त्यांना आपल्या मक्यावर पाच महिने पोसून कत्तलखान्याला विकायचा. दर तिसऱ्या बुधवारी सहाशे पिल्लं, अकरा वर्षं. कागद एकही नाही. त्यांच्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाचा माणूस कोर्टातसुद्धा शपथ घेत नाही. त्याचं ‘हो’ हीच त्याची शपथ. मग चुलतभावाकडून सही कोण घेणार?

२००९च्या एप्रिलात, एका रविवारी ऑर्लिन फास्पाला आला. दुपारच्या या खाण्याला टेबलावर जोडपाव, चीज, प्लमचा मुरंबा असतो, आणि धंद्याचा शब्द नसतो. ऑर्लिनने पाव फोडला आणि तसाच ठेवला.

“नेटी, बुधवारचं जरा अवघड झालंय.”

“रविवार आहे,” यास्च म्हणाला. हा नेटीचा नवरा. दिवसाला दहाएक शब्द बोलायचा, त्यातले दोन इथे खर्ची पडले.

“ठाऊक आहे रे. पण फोनवर सांगायचं तोंड नव्हतं.”

पलीकडच्या नव्या कायद्याने मांसाच्या प्रत्येक पाकिटावर डुक्कर कुठे जन्मलं, कुठे वाढलं, कुठे कापलं हे छापणं भाग होतं. म्हणजे दोन देशांची डुकरं वेगळी कोंडायची, वेगळ्या पाळीत कापायची. ऑर्लिनच्या कत्तलखान्याने ही कटकटच नको म्हणून पत्र धाडलं: सप्टेंबरपासून फक्त इथेच जन्मलेली घेऊ, आणि तसं पोसणाऱ्याने लिहून द्यावं. बुधवारची पिल्लं तयार होणार होती ती सप्टेंबरातच.

“पाच महिने तुझा मका खाऊन ती परकीच?” नेटीने विचारलं. “आणि हे वाचतं कोण?”

“माझी बायको पाकीट उलटं करते ते चरबी बघायला. डुकरंवाल्याची बायको ती!” ऑर्लिन हसला, मग थांबला. “एक वाट आहे. माझ्याकडे चाळीस डुकरिणी आहेतच. सीमेवर खरं सांगू. पुढे कत्तलखान्याला मी लिहून देईन, माझ्याच शेडमध्ये जन्मलेली म्हणून.”

“चाळिसांची दर तीन आठवड्यांना सहाशे? डुकरिणी पाळल्यास की घुशी?”

“मोजायला कोण येतंय?”

“आणि लिहिशील? या हाताने?”

“शपथ थोडीच घ्यायचीय? नुसतं लिहायचं.”

“नुसतं!” नेटीने सुरी ताटलीत आपटली. “जन्म कुठला विचारतात ना? मला विचारा म्हणावं! चौथा खण, दोन आठवड्यांमागच्या रविवारची पहाट. मागचे पाय आधी आले होते. मी ओढलं. तोंडातला चिकटा मी पुसला, फुंकर मी घातली. आणि ते तुझ्याकडे झालं?”

“अगं, तुझ्याच पिल्लांसाठी बोलतोय मी.”

“तुझा बाप आणि माझा बाप एका आईचे. एक लग्न करून पलीकडे राहिला. मग तुला काय म्हणू मी, परदेशी? कपाळावर चिकटवू का काही?”

“कायदा मी केला नाही, नेटी.”

“नाही केलास. ज्यांनी केला त्यांनी डुकरीण व्यालेली कधी बघितलीसुद्धा नसेल. पण त्यांच्यासाठी तू खोटं लिहिणार, आणि ते माझ्या पिल्लांच्या अंगावर चढणार. नाही पाठवत मी.”

ऑर्लिनने टोपी उचलली. फोडलेला पाव ताटलीत तसाच राहिला.

सोमवारी, मंगळवारी नेटीने अलीकडचा एकेक पोसणारा फोन करून विचारला. सगळ्यांच्या शेडा भरलेल्या. साऱ्यांचीच पिल्लं सीमेवरून परतलेली होती. फुकट देते म्हटलं तरी कुणाकडे जागा नव्हती. इकडे गुरुवारी पुढच्या डुकरिणी विण्यासाठी आत घ्यायच्या होत्या. खण रिकामे हवेच होते.

बुधवारी सकाळी ट्रकच्या जागी गुरांचा डॉक्टर आला. तरुण होता, नजर चुकवत होता. त्याच्या कागदावर संख्या, वजन आणि कारण एवढेच रकाने होते. नेटीने कागद पालथा करून पाहिला.

“जन्म कुठला, ते नाही विचारत?”

“नाही, बाई. मारायला लागत नाही.”

“तू आत जा,” यास्च तिला म्हणाला. “मी देतो उचलून.”

“बाहेर मी काढलीत. मीच देणार.”

तिने एकेक उचलून दिलं. मागच्या पायांना धरून लोंबकळवत नाही, पोटाखाली हात घालून, तिच्या नेहमीच्या पद्धतीने. गुलाबी, ऊबदार, दुधाचा वास असलेली. चौथ्या खणातलं ते पायाळू पिल्लू तिला ओळखू आलं. तेही तिने दिलं.

दुपारी फोन वाजला. यास्चने घेतला आणि रिसीव्हरवर तळवा ठेवला.

“ऑर्लिन आहे. म्हणतो, कागदावर खरं तेच लिहितो, दुसरं गिऱ्हाईक बघतो, पण पिल्लं पाठव. काय सांगू?”

नेटी मोरीपाशी होती. कोपरापर्यंत साबण लावलेला होता.

“बुधवार झाला म्हणावं,” ती म्हणाली.