आठही दिवे

आज ऑफिसात नेटची वायर टाकायला आलेली मुलगी खिडकीशी उभी राहून केबलच्या आतल्या आठ बारीक तारा चिमटीत सरळ करत होती. "पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा..." ती पुटपुटली आणि माझेही ओठ हलले.

नेटवर्किंगच्या क्लासमध्ये मी आणि शैला एका बाकावर बसायचो. केबलचं एक टोक ती करायची, दुसरं मी. पहिल्याच दिवशी दोघींनी हिरव्या जोडीच्या तारा शेजारी शेजारी लावल्या. खरं तर त्यांच्यामध्ये निळ्या जोडीला जागा द्यायची असते. तरी टेस्टरवरचे आठही दिवे ओळीने लागले, आम्ही खूश. पण कॉम्प्युटर जोडल्यावर साधी फाइलही अडखळत राहिली. सर हसले. "दोन्ही टोकांना एकच चूक केलीत, म्हणून दिवे लागले. नुसत्या दिव्यांवर जाऊ नका."

परीक्षा दोघीही पास झालो, सर्टिफिकेटला फ्रेम करायलाही एकत्रच गेलो. मग ती नोकरीसाठी पुण्याला गेली, मी नाशकातच राहिले. भांडण असं कधी झालंच नाही. दिवाळीला तिचा मेसेज येतो, माझाही जातो. एरवी ती कामात असेल म्हणून मी फोन करत नाही.

मुलीने टेस्टर लावला. एकामागून एक आठही दिवे लागले. "झालं, मॅडम," ती म्हणाली.

'ती कामात असेल' असंच तिकडे शैलाही माझ्याबद्दल म्हणत असेल, हे मला आज पहिल्यांदा सुचलं. फोन घेऊन मी गॅलरीत गेले.