घराजवळ काय हाय?

माझ्या बायकोच्या थोरल्या मामांइतका गोंधळलेला माणूस पोलादपूर तालुक्यात दुसरा नसेल, आणि त्यांच्यापायी गोंधळलेला माणूस माझ्याइतका तर अख्ख्या रायगडात नसेल. आमच्या घराला खेटूनच त्यांचं दुकान. जवळच्या कापडे गावच्या भाताचे जाडे पोहे आणि गावठी तांदूळ, एवढाच माल. पण तो मिळवायला परीक्षा द्यावी लागे. "गाव कुठलं? आन् घराजवळ काय हाय?" या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय मामा तराजूला हात लावत नसत. कुणी विहीर सांगे, कुणी पार, कुणी शाळेचा नळ. आडनाव मात्र त्यांनी कधीच कुणाला विचारलं नाही. "आडनावानं पोहं गोड लागत नाय," म्हणायचे. महाबळेश्वरला निघालेल्या एका साहेबांनी एकदा "घराजवळ तसं काहीच नाही, सातवा मजला आहे," असं सांगितलं, तर मामांनी हळहळून त्यांना अर्धा किलो पोहे जास्त घातले.

पुढे हायवे रुंद झाला आणि गाड्या गावात थांबेनाशा झाल्या. त्यांच्या डोंबिवलीच्या मुलानं निर्वाणीचं सांगितलं, "दिवाळीपर्यंत बघा बाबा, नाहीतर कुलूप लावून माझ्याकडे या." मामांना दुकान सोडायचं नव्हतं. कुणीतरी म्हणालं, वेबसाईट काढा. लगेच मामा मला हाताला धरून महाडला घेऊन गेले.

वेबसाईट करून देणारी मुलगी मोठी गुणाची. मामांनी आधी तिचीच परीक्षा घेतली. "मशिदीमागं, बदामाच्या झाडाजवळ," ती म्हणाली आणि मामा खुलले. "त्या बदामाखाली तुझ्या आजाच्या पोह्याच्या गोणी उतरवल्यात गो मी!" मग तिनं शांतपणे समजावलं. एक साईट नुसती माहितीची. पत्ता, फोन, मालाचे फोटो. दुसरी दुकानाची, माल निवडा, पैसे भरा. तिसरीवर आपण लेख लिहायचे, लोक वाचायला येतात. "लोकांनी तुम्हाला शोधावं, की तिथल्या तिथे विकत घ्यावं, हे आधी ठरवा मामा." मामांचा चेहरा पडला. "माहितीची घेतली तर माल कोण नेणार? आन् दुकानाची घेतली तर माणूस बोलल्याबिगर पैसे टाकून जाणार. मग आला व्हता कोण, ते कळायचं कसं?"

पंधरा दिवस हा घोळ चालला. वीर स्टेशनावरच्या रिक्षावाल्यांपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांची मतं झाली. सकाळी मामांना माहितीची साईट पटे, दुपारी दुकानाची. एकदा मी वैतागून म्हटलं, "मामा, डोळे मिटून दुकानाची घ्या." "बरोबर बोललात जावईबापू," म्हणाले, आणि संध्याकाळी लेखांची वेबसाईट पक्की करून आले. दुसऱ्या दिवशी तीही रद्द.

अखेर दुकानाचीच झाली. पण पैसे भरण्याआधी दोन रकाने. गाव कुठलं? घराजवळ काय आहे? ते भरल्याशिवाय पुढे जाता येत नसे. मुलीनं कपाळाला हात लावला. "गिऱ्हाईक पळून जाईल, मामा."

"ज्याला घर असंल, तो कशाला पळंल?"

गिऱ्हाईक पळालंच. जी थोडी टिकली, त्यांत ठाण्याची एक मुलगी होती. तिनं लिहिलं होतं, 'आजोबा कापड्याचे होते. घराजवळ काय, ते माहीत नाही.' मामांनी तिची ऑर्डर अडवून धरली. फोनवर तिच्या आजोबांचं नाव विचारून घेतलं आणि आठवडाभर मला कापड्यात हिंडवलं. शेवटी एका म्हातारीनं जागा दाखवली. घराचं जोतं तेवढं उरलं होतं, आणि शेजारी एक विहीर. मामांनी वाकून पाणी काढलं, चाखलं, आणि पोह्यांच्या पिशवीत चिठ्ठी टाकली : 'घराजवळ विहीर हाय. पाणी गोड.' पोहे पोचल्यावर त्या मुलीचा फोन आला. ती नुसती रडत होती.

"मग जावईबापू, ही आपली साईट नेमकी कुठल्या प्रकारातली?" मामांनी फोन ठेवून विचारलं.

असल्या धंद्यावर दुकान चालत नसतं. दिवाळी झाली, मामांनी कुलूप लावलं आणि ते डोंबिवलीला गेले. वेबसाईट बंद करायला विसरले, की मुद्दामच ठेवली, देव जाणे. परवा दुपारी मला फार चुकल्याचुकल्यासारखं वाटलं म्हणून ती उघडली आणि किलोभर पोहे मागवले. गाव पोलादपूर लिहिलं. पुढच्या रकान्यापाशी अडलो. मामांनी आम्हाला हा प्रश्न कधीच विचारला नव्हता. आमच्या घराजवळ तेच होते. बऱ्याच वेळानं मी लिहिलं, 'एक बंद दुकान.'

पाच मिनिटांत फोन वाजला. "जावईबापू," मामा म्हणाले. मी खिडकीतून त्या बंद दुकानाकडे बघितलं.

"कुलपाला तेवढं तेल देत जावा हो," ते म्हणाले. "गंजलं तर उघडताना तरास व्हईल."