नाण्यावरचं कुंकू

युरोपातल्या थोर चित्रकारांच्या स्मरणार्थ काढलेली चांदीची नाणी मी जमवतो. त्यातल्या एकावर, दाढीवाल्या म्हाताऱ्या चित्रकाराच्या कपाळावर, कुंकवाची लाली राहिली आहे. गेल्या दिवाळीत आईने ते नाणं दुधाने धुऊन लक्ष्मीपूजनाला मांडलं होतं. पाहुण्यांसमोर मी ओरडलो, "हात कशाला लावलास? वाया गेलं ना!"

"अरे, चांदी दिसली म्हणून पूजली," ती एवढंच म्हणाली.

या चित्रकाराने जन्मभर म्हाताऱ्या बायकांचे सुरकुतलेले हात मायेने रंगवले, आणि त्याच्या नाण्यापायी मी माझ्या आईच्या हातांचा पाणउतारा केला.

यंदा पूजेला मीच ते नाणं तिच्यापुढे धरलं. तिने हात पदराला पुसले, पुन्हा पुसले आणि मागे घेतले.

"तूच ठेव रे ताटात," ती म्हणाली, "माझे हात ओले आहेत."