दोन डोळे आणि सुमनची विळी

आधी चहा संपवा, मग सांगतो. मागे हे ऐकताना आमच्या साडूच्या नाकातून चहा आला होता.

बदलापुरात माझी लोहाराची भट्टी आहे. जांभूळपासून सोनिवलीपर्यंत कुणाचाही कोयता घ्या, त्याला पाणी मीच दिलेलं असणार. पाणी देणं म्हणजे काय, तर तापलेलं पोलाद नेमक्या रंगाला आलं की पटकन बुडवायचं. आधी बुडवलं तर पातं मऊ राहतं, उशीर झाला तर ठिसूळ होतं. सगळा खेळ डोळ्यांचा, आणि माझ्या डोळ्यांचा मला भलताच माज होता हो.

फक्त आमच्या सुमनची, म्हणजे बायकोची, विळी तेवढी बोथट. बिचारी वर्षानुवर्षं त्याच विळीवर बोंबलांशी मारामारी करत होती. त्यात माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन करा म्हणून ती मागे लागली. आधी उजवा करायचा, डावा नंतर. मी तयार झालो आणि तिला शब्द दिला, नव्या डोळ्याने पहिलं काम तुझ्या विळीचं.

डॉक्टरांनी परवानगी दिली त्याच दिवशी भट्टी पेटवली. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या भंगारवाल्या सिंधी शेठकडून ट्रकच्या कमानीचा पाटा आणला होता. पातं काय झकास तापलं म्हणता! नारिंगी रंग इतका लवकर आला की मीच खूश. बुडवलं, धार लावली, सुमनपुढे विळी ठेवली. तिने भोपळा घेतला. भोपळा होता तसाच राहिला आणि विळी वाकली.

तिने गुपचूप जुनी विळी पुन्हा काढली. मला ते फार लागलं.

मग काय, सटकली माझी. तडक शेठकडे गेलो आणि भर बाजारात त्याचा उद्धार केला. पत्रा विकतोस पाटा म्हणून, इथपासून सुरुवात. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साईं, माल तो वही है. गरमी बहुत है, लस्सी पियो." लस्सी पाजली, वर दुसरा पाटा फुकट दिला. मी तो त्याच्यावर उपकार केल्यासारखा घेतला.

दुसरं पातं तापवताना धूर गेला उजव्या डोळ्यात. डोळा मिटला, तर पातं लाल. उघडला, तर नारिंगी. पुन्हा मिटला, लाल. उघडला, नारिंगी. सुमन दारात उभी होती. तिला वाटलं, मी पात्याला डोळा मारतोय.

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. शेठ खरा, पाटाही खरा, नवा डोळाच सगळं जास्त उजळ दाखवत होता. म्हटलं, सोपं आहे, ज्या डोळ्याने आजवर धंदा केला तोच वापरू. उजव्यावर रुमाल बांधला आणि डाव्याने रंग बघून ऐटीत पाणी दिलं. सुमनने सुरमईचं डोकं कापायला घेतलं आणि धारेचा टवका उडाला. म्हणजे डावाही खोटारडा! त्या अंधूक डोळ्याच्या नादात मी पातं फाजील तापवत होतो. टवके उडालेले कोयते घेऊन येणाऱ्यांना 'हात नीट चालवा' असं मीच ऐकवलं होतं, ते आठवून अंगावर काटा आला.

खाली मान घालून शेठकडे गेलो, माफी मागितली. तो पोट धरून हसला आणि त्याने भंगारातल्या स्पीकरचं लोहचुंबक माझ्या हातात ठेवलं. पोलाद पुरेसं तापलं की चुंबक चिकटत नाही, तेव्हा बुडवायचं. मला माहीत होतं हो, पण ते शिकाऊ लोकांचं काम, असं मीच सगळ्यांना सांगत आलो होतो.

चुंबक तारेला बांधून सुमन भट्टीपाशी उभी राहिली. तिने ते पात्याला लावून बघितलं.

"चिकटत नाही आता. बुडवा."

"अगं, रंग अजून..."

"अहो, बुडवा म्हणते ना."

बुडवलं. अशी विळी मी जन्मात केली नव्हती. त्या दुपारी तिने एवढे बोंबील तळले आणि इतक्या मायेने वाढले की मला भरून आलं.

आता डाव्या डोळ्याचंही ऑपरेशन झालंय. रंग अगदी चोख दिसतात. परवा जांभूळचा एक शेतकरी कोयता घेऊन आला. मी भट्टी पेटवली, पातं तापायला घातलं, तर हा सारखा आमच्या घराच्या दाराकडे बघतोय. म्हटलं, काय झालं?

"काही नाही काका," तो म्हणाला, "घाई नाहीये. काकू बाजारातून येऊ देत, मग द्या पाणी."