आमेनच्या जागी

गेल्या वर्षी पक्षाघाताचा झटका आला आणि माझ्या नवऱ्याची वाचा गेली. एक शब्द तेवढा राहिला: ‘आपण’. चहा हवा असला तरी ‘आपण’, पंखा बंद करायचा असला तरी ‘आपण’. कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलवर बसून त्यांनी आयुष्यभर न्हावा शेवा बंदराच्या गाड्या फोनवरून हाकल्या. तिथे त्यांच्या तोंडी वेगळेच शब्द असत. नेमका हाच का उरला, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

मी कामाला लागले. गोळ्या, व्यायाम, स्पीच थेरपी, सगळ्याचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलं. त्यात प्रार्थनाही होती. माझी प्रार्थना पहिल्यापासून वाण्याला सामान सांगावं तशी: मुलीची नोकरी, सोसायटीचं पाणी, आता यांची वाचा, आणि आमेन म्हणून उठायचं. प्रार्थनेत आनंद असतो, हे उपदेशात ऐकलं होतं. मला ती वेळेत आटपली तरी पुरत असे.

एका रविवारी पनवेलच्या आमच्या चर्चमध्ये प्रार्थना संपली, सगळे आमेन म्हणाले, आणि त्यामागच्या शांततेत यांनी खणखणीत ‘आपण’ म्हटलं. पुढच्या बाकावरच्या दोघी खुसखुसल्या. यांच्या ते गावीही नव्हतं. मला मात्र तोंड कुठे लपवू असं झालं. पुढच्या रविवारी मी एकटीच गेले. विचारणाऱ्यांना सांगितलं, त्यांना दगदग सोसत नाही. मग तेच दर रविवारी सांगत राहिले.

चर्चच्या मंडळीतल्या बायकांची प्रार्थनासभा पाळीपाळीने घरोघरी होते. आमच्या रोडपालीच्या घराची पाळी आली, तेव्हा मी यांना आतल्या खोलीत बसवलं, दार ओढून घेतलं आणि आलेल्या बायकांना म्हटलं, त्यांचा आत्ताच डोळा लागलाय.

त्या संध्याकाळी विषय होता त्रैक्य. पाळकांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सगळ्या नुसतं बाई म्हणतो, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव कसा, ते समजावून सांगत होत्या. खालच्या मजल्यावरच्या मावशींच्या काही ते गळी उतरेना.

“अहो बाई, पण मग वर तिघं बसलेत की एकटाच?”

“एकच. पण एकटा नाही.”

मावशींनी मान हलवली, तीही पटलं म्हणून नव्हे. माझं लक्ष पोह्यांकडे होतं. बाईंनी प्रार्थना केली, आम्ही आमेन म्हणालो, आणि बंद दारामागून आवाज आला, “आपण.”

बायकांनी दाराकडे पाहिलं. मावशीच म्हणाल्या, “भाऊ जागे आहेत की गं.”

मी खाली बघत सांगितलं की त्यांना आमेन म्हणायचं असतं, पण तोंडातून ‘आपण’ निघतं, लोक हसतात. मी ‘डोळा लागलाय’ म्हणाले होते त्याबद्दल काही बोलले नाही. बोलायची गरजही नव्हती.

बाई हसल्या. “मी मघापासून घसा कोरडा करतेय ते तुमच्या यांनी एका शब्दात सांगितलं. ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटलं की तो आत येतो. देवाच्या ठायी मुळातच ‘आपण’ आहे. प्रार्थना म्हणजे त्यात जाऊन बसायचं. बोलवा त्यांना.”

मी दार उघडलं. ते दाराला लागूनच खुर्ची ओढून बसले होते. म्हणजे त्यांनी सगळं ऐकलं होतं, माझं ‘डोळा लागलाय’ धरून. मी हात दिला. त्यांनी तो धरला, नेहमीसारखाच.

बाईंनी त्यांना प्रार्थना करायला सांगितली. त्यांनी डोळे मिटले आणि तोच शब्द ते म्हणत गेले, कधी विचारल्यासारखा, कधी काही आठवून हसल्यासारखा, मध्येच थांबून समोरच्याचं ऐकून घेतल्यासारखा. मागत काही नव्हते. माझे डोळे उघडे होते. तो चेहरा मी आजारपण आल्यापासून पाहिला नव्हता. किंवा तो रोज तसाच असेल, आणि मी त्या वेळी गोळ्या मोजत असेन. मीही डोळे मिटले. यांची वाचा परत दे, एवढंही म्हणायचं सुचलं नाही. कुणाच्या तरी चालू गप्पांत येऊन बसावं आणि आपल्यासाठी सरकून जागा व्हावी, तसं वाटलं. मला हसू आलं. त्याच्या मागोमाग लाजही आली: ज्यांच्यामुळे ही जागा मिळाली, त्यांना मीच दाराआड बसवलं होतं.

बायका गेल्यावर मी त्यांना म्हटलं, “माझं चुकलं हो.” ते पोहे खात होते. त्यांनी बशी माझ्याकडे सरकवली.

आता दर रविवारी आम्ही दोघं चर्चला जातो. आमेन झालं की त्यांचा शब्द येतोच, कुणीतरी वळून बघतंच. परवा माझा हात आपसूक त्यांच्या गुडघ्याकडे गेला, जरा हळू म्हणा असं सुचवायला. मी तो मध्येच आवरला. त्यांनी पाहिलं असणार.